उंटाचे वाटेकरी

"कापायची म्हणजे?" शिंप्याने विचारलं.

आयुष्यभर कापण्याचाच धंदा केलेला माणूस. सुती, लोकरी, अस्तर, एकदा तर सर्कशीचा तंबू. पण हा शब्द आज त्याच्या डोक्यात शिरत नव्हता.

"मधोमध," दातांचे डॉक्टर म्हणाले. शिंप्याच्या बायकोचे हे जुने स्नेही अजून दारातच उभे होते, एका हातात गाडीची किल्ली, दुसऱ्या हातात फोन. "पुढचा अर्धा भिंतीत बसवणार, मागचा भंगारात. हॉटेलवाल्याने स्वतःच चित्र टाकलंय. बघा."

शिंप्याने चष्मा कपाळावरून खाली ओढला. चित्रात एक पांढरी भिंत होती आणि ती फोडून आत घुसल्यासारखं एका गाडीचं तोंड बाहेर आलं होतं. बॉनेटवर केकची काचेची पेटी. खाली मोठ्या अक्षरांत 'लवकरच'. शेजारी खऱ्या गाडीचा फोटो, त्याच्या स्वतःच्या गॅरेजमधला. कोपऱ्यात त्याच्या बायकोचे गमबूट दिसत होते.

"ही तर आपली गाडी आहे, आपला उंट," तो म्हणाला.

टेबलाभोवतीच्या सगळ्या माना थोरल्या मुलाकडे वळल्या. जेवणं नुकतीच आटोपली होती. आईला जाऊन तीन महिने झाले होते आणि तिच्या वस्तू कोणी काय न्यायच्या हे ठरवायला थोरला, त्याची बायको, धाकटी बहीण आणि मावशी जमले होते. स्वेटर मावशीला, घड्याळ धाकटीला, सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं. गाडीचं तर आधीच ठरलं होतं. थोरल्याच्या ओळखीतला एक हौशी माणूस जुन्या गाड्या सांभाळतो, तो नेणार आणि नीट ठेवणार. चार वाजता ट्रक यायचा होता.

"हौशी माणूस म्हणालास," शिंपी म्हणाला.

"हौशीच आहे. हॉटेलची हौस आहे त्याला." थोरल्याने हसून बघितलं. कोणी साथ दिली नाही. "बाबा, मी सांगणार होतो."

"कधी?" मावशी म्हणाली. "केक खायला बोलावल्यावर?"

"मावशी, मघाशी तूच म्हणत होतीस, ते धूड एकदाचं जाऊ दे म्हणून."

"जाऊ दे म्हणाले. खाटकाकडे जाऊ दे म्हणाले नव्हते."

"कितीला दिलीस?" धाकटीने विचारलं.

"काही घेतलं नाही. शाळेपासूनचा मित्र आहे. फुकट दिली."

"फुकट!" मावशीने हातातला स्वेटर टेबलावर आपटला. "म्हणजे तुला पैशांचीही नड नव्हती. तुला नुसती कापलेली बघायची होती."

मावशी बोलून गेली. पण ते थोरल्याला बरोबर लागलं.

तो विमा कंपनीत होता. अपघातात सापडलेल्या गाड्या तपासायच्या आणि दुरुस्त होण्याजोगी आहे की संपली ते लिहायचं, हे त्याचं काम. मालक काकुळतीला यायचे, साहेब, अजून चालेल हो ही. तो सांगायचा, नाही, संपली. त्यात त्याला कधी काही वाटलं नव्हतं. पत्रा तो पत्रा. पण उंटाचा फोटो मित्राला पाठवताना त्याला वाटलं होतं. बरं वाटलं होतं, अगदी आतून. त्याच्या लहानपणातली आई म्हणजे शनिवारी गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय. आठवडाभर ती गुरांची डॉक्टर, गोठे पालथे घालायची. उरलेला दिवस उंटाचा. कंपनी बुडाली, सुटे भाग मिळेनासे झाले, अख्ख्या रस्त्यावर तशी दुसरी गाडी दिसेना, तरी तिने बदलली नाही.

"तुम्ही सगळे असे बघताय, जसा काही मी माणूस कापायला दिलाय," तो म्हणाला. "गाडी आहे ती! आणि तीसुद्धा कसली? सुरू केली की आधी ढुंगण वर करते, मग तोंड. बंद केली की पोट टेकून बसते. आई शाळेच्या फाटकाशी आली की पोरं ओरडायची, उंट आला, उंट आला. तुझी आई उंटावरून शेळ्या हाकते म्हणायची. आणि मागच्या सीटवर खरंच शेळी असायची!"

सुनेला हसू आलं. तिने ते पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

"हसू नकोस. त्या शेळीशेजारी मी बसायचो."

"ते असू दे," दातांचे डॉक्टर म्हणाले. "पण ती गाडी तुम्हाला देता येणार नाही. ती तुमच्या एकट्यांची नाही."

"बरोबर, बाबांची आहे. आणि बाबा हो म्हणाले होते."

"बाबांचीही नाही. या, दाखवतो."

सगळे त्यांच्यामागून गॅरेजमध्ये गेले. गाडी जमिनीला पोट लावून बसली होती. डॉक्टरांनी बॉनेट उघडलं आणि फोनचा दिवा आत धरला. तिथल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूवर रंगाचा एक ठिपका होता. पिवळा, हिरवा, पांढरा, परत पिवळा.

"कंपनी बुडाली तेव्हा आम्ही उंटवाल्यांनी ठरवलं होतं," ते म्हणाले. "सुटे भाग विकायचे नाहीत, फिरवायचे. ज्याचं अडेल त्याला द्यायचा, ठिपका आपला ठेवायचा. त्याची गाडी थकली की तो भाग पुढच्याकडे. हा पिवळा एका रोपवाटिकावाल्या बाईंचा. त्या गेल्या, त्यांचं काम इथे चालू आहे. हा गुलाबी माझा. कवळीचा मसाला आहे, खरवडला तरी निघत नाही."

"आणि आईचा?" धाकटीने विचारलं.

"जांभळा. गुरांच्या जखमेवर लावायचं औषध. पण तो इथे कमीच दिसेल. तो आमच्या गाड्यांमध्ये आहे."

शिंपी वाकून बघत राहिला. या गाडीच्या सीटा त्याने शिवल्या होत्या. छताचं अस्तर दोनदा बदललं होतं. इतकी वर्षं शेजारी बसून कुरकुर केली होती, पण बॉनेटखाली त्याने कधी डोकावलं नव्हतं. कपड्याची पारख शिवण उलटून करावी असं तो शिकाऊ मुलींना सांगत आला, आणि घरची शिवण त्याने उलटून बघितली नव्हती.

"म्हणजे हा हॉटेलवाला तुमच्या सगळ्यांच्या वस्तू भिंतीत चिणणार," मावशी म्हणाली.

"वस्तूंचं सोडा. चालता उंट आहे हा. चालता! उद्या सकाळी किल्ली फिरवली तर उठेल. याला कापायचं कशासाठी, तर लोकांनी केक खाता खाता फोटो काढावेत म्हणून?" डॉक्टर मावशीकडे वळले. "मी रोज दात उपटतो. पण हलणारा."

धाकटीला हे सगळं जरा जास्तच वाटत होतं. ती दूरच्या शहरात राहायची, दोन दिवसांसाठी आली होती, आणि भांडण झालं की तिचं डोकं दुखायचं. दादाने खोटं बोलायला नको होतं हे खरं. पण त्याचं सगळंच चूक होतं असंही नाही. शेळी तिच्याही वाट्याला आली होती.

"काका, एक विचारू? राग मानू नका," ती म्हणाली. "माझी गाडी चांदीच्या रंगाची आहे. पार्किंगमध्ये मला नंबर वाचून ओळखावी लागते, इतकी ती सगळ्यांसारखी आहे. पण चालते. बिघडली तर फोन केला की माणूस येतो. तुम्ही आणि आई, शिकलीसवरलेली माणसं. एका बुडालेल्या कंपनीच्या गाडीवर इतका जीव का टाकता?"

"खरं सांगू? मी घेतली तेव्हा सासऱ्यांनी घरी येऊन अक्कल काढली. म्हणून पहिली दोन वर्षं नुसती हट्टाने ठेवली." डॉक्टरांनी बॉनेटच्या कडेवर हात ठेवला. "मग एकदा त्याच खराब रस्त्यावरून दुसऱ्या गाडीने गेलो आणि कळलं. उंट खड्ड्यात जातो, आपण जात नाही. कोणीतरी बसून विचार केला होता हो. मागे म्हातारं माणूस असेल, अंड्यांची टोपली असेल, तापलेलं पोर असेल. बाकीच्यांनी आधी खपेल काय ते ठरवलं आणि मग गाडी केली. यांनी नाही केलं तसं, आणि लोक हसले. हसता हसता कंपनी बुडवली. ज्यांचं बरोबर होतं ते संपले, आणि ज्यांनी दुसऱ्याचं बघून गाड्या केल्या, त्यांच्या गाड्या तुम्ही नंबर वाचून ओळखता. याची चीड येत नाही तुम्हाला? मला अजून येते. किल्ली फिरवताना रोज येते."

धाकटीला यावर बोलायचं होतं, पण तिला आपली गाडी कोणत्या कंपनीची ते पटकन आठवेना.

"आणि दुसरं," डॉक्टर म्हणाले, "तुमच्या गाडीला फोन केल्यावर माणूस येतो. आमच्याकडे फोन न करता येतो. तुमच्या आई मला अशाच भेटल्या. पुलाच्या अलीकडे माझा पंप गेला. पंप गेला की उंट उठत नाही, आणि न उठलेला उंट चालवला तर पोट फाटतं. मी डोक्याला हात लावून बसलेलो. बाईंनी समोरून मला बघितलं आणि थांबल्या. ओळख ना पाळख. स्वतःच्या गाडीचा पंप काढून माझ्या गाडीला बसवून दिला, हात पुसले, आणि आपण दुधाच्या टँकरमध्ये बसून गेल्या. मी दुसरा पंप शोधून आणून देईपर्यंत त्यांचा उंट त्या पुलापाशीच बसून होता."

"दुधाच्या टँकरमध्ये?" थोरल्याने विचारलं.

"हो. आता कितीतरी वर्षं झाली त्याला."

"आई टँकरमधून एकदाच आली." थोरला बॉनेटला वळसा घालून पुढे आला. "माझी वक्तृत्व स्पर्धा होती. शेवटची फेरी. पहिल्या रांगेत तिच्या खुर्चीवर मी रुमाल टाकून ठेवला होता. भाषण त्या रुमालाकडे बघून केलं. ती आली तेव्हा हॉल झाडत होते. गाडी बंद पडली, म्हणाली."

डॉक्टरांनी फोनचा दिवा बंद केला.

"गाडी बंद पडली, असं म्हणाली ती," तो पुन्हा म्हणाला. "कुठे निघाला होतात तुम्ही? घरात कोणी आजारी होतं?"

दातांच्या डॉक्टरांना हो म्हणता आलं असतं.

"मासे धरायला," ते म्हणाले.

"मासे धरायला!"

"मला काही माहीत नव्हतं हो. त्या म्हणाल्या, मला घाई नाही."

"घाई नाही?" हे शिंपी ओरडला, थोरला नव्हे. सगळे दचकले. "घाई नाही म्हणाली? मी त्या हॉलच्या दारात उभा होतो! पोरगं स्टेजवर, खुर्ची रिकामी. मला तोंड लपवायला जागा नव्हती. आली तेव्हा मी काही बोललो नाही, कारण म्हटलं, गाडी बंद पडली त्याला ती बिचारी काय करणार. उलट ही गाडी विकून टाक म्हणून मी वर्षभर गाडीलाच शिव्या घातल्या! आणि गाडी बंद पडलीच नव्हती?"

"नव्हती," डॉक्टर म्हणाले. "उत्तम चालत होती."

"या पोराने अर्धं आयुष्य गाडीवर दात धरला!"

"बाबा, शांत व्हा," सून म्हणाली.

"का शांत होऊ? माणूस मेलं की त्याच्यावर रागवायचं नाही, असं कोणी ठरवलं?"

या क्षणी बाप आणि मुलगा एका बाजूला होते, आणि दातांचे डॉक्टर किल्ली मुठीत घट्ट धरून एकटे. थोरल्याला ते जाणवलं. त्याला वाटलं, आता बाबा म्हणतील, जाऊ दे तो उंट.

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला.

"आला," थोरला म्हणाला. "आता तर प्रश्नच मिटला, बाबा. सरका, मी दार उघडतो."

शिंपी सरकला नाही. त्याने गाडीचं दार उघडलं, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसला आणि पट्टा लावला. त्याला गाडी चालवता येत नव्हती. ही सीट त्याची होती.

"बाबा, हे काय?"

"मी रोज सकाळी इथे येऊन बसतो," शिंपी म्हणाला. "कोणाला सांगितलं नाही. बसतो आणि तिच्याशी भांडतो. घरात भांडता येत नाही मला. घरात ती होती कुठे? जी काही भांडणं झाली ती इथे झाली, या दोन सीटांवर. मला न सांगता गेलीस कशी, हेच रोज विचारतो. दुसरा विषय नव्हता. आज एवढा मोठा मुद्दा हाताला लागलाय माझ्या, आणि तू आजच गाडी न्यायला उठलास?"

"तुम्हीच आत्ता ओरडत होतात तिच्यावर!"

"मग? ओरडणारच! तुलाही ओरडायचं असेल तर ओरड. ती पुरून उरेल आपल्या दोघांना. पण तिचा राग पत्र्यावर काढायचा, तोही लपूनछपून, मित्राच्या हातून? याला काय म्हणतात माहीत आहे? भ्याडपणा म्हणतात."

ट्रकवाला आत आला. अंगाने मोठा, चेहऱ्याने भला. त्याने गाडीकडे बघितलं, गाडीतल्या म्हाताऱ्याकडे बघितलं.

"माणसासकट न्यायची का?" त्याने विचारलं.

मावशी तेवढ्यात मागचं दार उघडून आत शिरली. तिने या गाडीत पुन्हा पाय ठेवणार नाही अशी शपथ घेतली होती. बहिणीने तिला नोकरीच्या मुलाखतीला सोडलं होतं आणि मुलाखत घेणाऱ्यांनी सारखी खिडकी उघडली होती. नोकरी मिळाली नाही. तिने सीटवर नाक लावून बघितलं. शेळीचा वास अजून होता.

"सरकवा ती सीट पुढे, भावोजी," ती म्हणाली. "गुडघे मोडतायत माझे. आणि तुमचं झालं की मलाही त्या बाईशी बोलायचंय."

सून नवऱ्याकडे बघत होती. "तू मलाही हौशी माणूसच सांगितलं होतंस," ती म्हणाली. "घरी, स्वयंपाकघरात, माझ्या डोळ्यांत बघून." ती मावशीशेजारी जाऊन बसली. धाकटी थोडा वेळ थांबली, "दादा, सॉरी," म्हणाली आणि दुसऱ्या बाजूने चढली. तिघी मागे दाटीवाटीने बसल्या.

थोरला ट्रकवाल्याबरोबर उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच तो उंटाच्या बाहेर होता आणि घर आत.

त्याचा फोन वाजला. हॉटेलवाला मित्र. त्याचा आवाज नेहमीच मोठा असायचा, गॅरेजमध्ये तर सगळ्यांना ऐकू आला.

"निघाली का गाडी? कटर लावून बसलोय इथे."

"थांब जरा. बाबा नको म्हणतायत."

"बाबा नको म्हणतायत नाही," शिंप्याने खिडकीतून सांगितलं. "माझ्यावर ढकलू नकोस. दिली तू, नाही तूच म्हण."

"अरे, म्हाताऱ्यांचं असंच असतं," फोन म्हणाला. "समजूत काढ. त्यांना म्हणावं, रोज येऊन फुकट कॉफी प्या समोर बसून. आणि तूच सांगितलंस ना मला, तुझी आई चक्रम होती म्हणून. चक्रम बाईची चक्रम गाडी, मी तर पाटीवर तेच लिहिणार आहे. लोकांना मजा येईल."

थोरल्याने फोन कानावरून काढून तोंडासमोर धरला.

"मी म्हणालो," तो म्हणाला. "मी म्हणू शकतो. तू नाही म्हणायचं."

"अरे, गंमत..."

"ती तुझी कोण लागत होती? तुझ्या घरचा कुत्रा मरायला टेकला होता तेव्हा भर पावसात ती आली होती. पैसे घेतले तिने? ती चक्रम? पाटी लावायला निघालाय! गाडी मिळणार नाही."

"वेडा झालास का? मी चित्र टाकलंय सगळीकडे. भिंत फोडून ठेवलीय! भिंतीत काय बसवू आता?"

"तुझी बसव. नवी घेतलीस ना? काप मधोमध, आणि कसं वाटलं ते मला कळव."

त्याने फोन खिशात टाकला, तो खिशात न जाता खाली पडला, म्हणून तो अजून चिडला. ट्रकवाल्याने फोन उचलून दिला, "येतो," म्हणाला आणि रिकामा ट्रक मागे घेत निघून गेला. दातांचे डॉक्टर त्याला रस्ता दाखवायच्या निमित्ताने बाहेर गेले आणि आत आले नाहीत.

गाडीतून कोणी उतरलं नाही. थोरला बापाच्या खिडकीशी येऊन उभा राहिला. शिंपी काचेतून सरळ समोर भिंतीकडे बघत होता.

"कापायची हे मला विचारलं नाहीस," तो म्हणाला.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"मग? विचारायचं कशासाठी असतं?"

मागे मावशी काहीतरी बोलायला निघाली होती, सुनेने तिचा हात दाबला.

"तिने तरी मला कुठे विचारलं होतं?" थोरला म्हणाला. चाळिशी ओलांडलेल्या माणसाचा आवाज, पण बोलणं वक्तृत्व स्पर्धेतल्या मुलाचं. "पंप काढून देताना."

शिंप्याने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. राग त्याच्या चेहऱ्यावर तसाच होता. त्याने पट्टा थोडा सैल केला, पलीकडे वाकून ड्रायव्हरकडचं दार आतून उघडलं आणि ढकललं.

"ये, बस," तो म्हणाला. "विचार तिला. पण माझं आधी होऊ दे."